छोट्या स्थानकाच्या इतिहासात उतरणाऱ्यांची नोंद कुठे आहे?

छोट्या गावाच्या रेल्वे स्थानकाचा इतिहास कुणी लिहिलेला सापडला की मी तो आवर्जून वाचतो, आणि वाचून झाल्यावर बहुतेक वेळा एक रुखरुख लागून राहते. स्थानक कोणत्या साली सुरू झाले, इमारतीचा दगड कुठला, फलाट केव्हा लांबवला, मालधक्का केव्हा बंद पडला, पहिल्या गाडीच्या स्वागताला कोण मान्यवर हजर होते आणि शेवटची गाडी कोणत्या तारखेला गेली, हे सगळे त्यात असते. त्याच्या जोडीला बहुधा एक आकडा असतो: दिवसाला किती तिकिटे विकली जात. ते स्थानक महत्त्वाचे होते की नाममात्र, याचा निवाडा वाचणारा त्या आकड्यावरून करून टाकतो. मला आज त्या आकड्याविषयीच लिहायचे आहे. तिकिटांची ही मोजणी सुरू झाली तीच मुळी एका आडबाजूच्या छोट्या स्थानकात, आणि पुढे सव्वाशे वर्षांनी तशाच मोजणीच्या आधारावर तशीच हजारो छोटी स्थानके बंद करण्याची शिफारस झाली. ही गोष्ट मला अनेक वर्षे अस्वस्थ करत आली आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसल ते कार्लाइल हा लोहमार्ग आहे. त्या मार्गावर ब्रॅम्प्टन या गावासाठी एक स्थानक होते, आणि त्याचे त्या काळातले नाव मिल्टन. गावापासून ते मैल-दीड मैल लांब होते. त्या काळी लोहमार्ग आखणारे अभियंते चढ-उतार आणि पूल-बोगद्यांचा खर्च पाहून मार्ग ठरवत असत, त्यामुळे स्थानक एकीकडे आणि गाव दुसरीकडे ही अवस्था जगभरातल्या असंख्य गावांच्या वाट्याला आली. १८३६ मध्ये या मिल्टन स्थानकावर थॉमस एडमंडसन नावाचा माणूस स्टेशन मास्तर म्हणून रुजू झाला. तो १७९२ मध्ये लँकेस्टरला जन्मला होता, लाकडी सामान घडवणाऱ्या गिलो या नावाजलेल्या कारखान्यात त्याने काम शिकले होते, आणि कार्लाइलमध्ये स्वतःचा व्यवसाय करताना त्याचे दिवाळे निघाले होते. चाळिशी उलटल्यावर पोटासाठी पत्करलेली ही नोकरी होती.

त्या वेळी रेल्वेचे तिकीट म्हणजे हाताने लिहिलेला कागद होता. घोडागाडीच्या काळातली पद्धतच पुढे चालू राहिली होती, आणि प्रत्येक प्रवाशासाठी तपशील नव्याने लिहून कागद फाडून द्यावा लागे. गाडी येण्याच्या वेळेला खिडकीपुढे दहा माणसे उभी राहिली की लिहिणाऱ्याची तारांबळ उडणार हे उघड आहे. पण एडमंडसनला त्याहून जास्त खटकली ती दुसरी गोष्ट. लिहिणाऱ्याने किती कागद दिले आणि किती पैसे घेतले याचा ताळा करण्याची खात्रीची सोय नव्हती, म्हणजे प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नव्हता. दिवाळखोरीतून गेलेल्या माणसाला ही बोच अधिक लागली असेल, असे मला वाटते. पुढे हाती पैसा आल्यावर त्याने आपल्या जुन्या सावकारांची सगळी देणी फेडली, एवढे सांगितले तरी त्याचा स्वभाव कळेल.

त्याने पुठ्ठ्याचे छोटे तुकडे कापले, लाकडी ठशाने त्यांच्यावर आधीच मजकूर छापला आणि प्रत्येकावर क्रमाने आकडा घातला. नंतर कार्लाइलमधला घड्याळजी जॉन ब्लेलॉक याच्या मदतीने त्याने तारीख उमटवणारे यंत्र तयार केले. कारागिराचे हात असलेला स्टेशन मास्तर आणि एक घड्याळजी, एवढ्या दोघांच्या खटपटीतून जे तिकीट निघाले, ते पुढे दीडशे वर्षे जगभर चालले. भारतातही कित्येक पिढ्यांनी त्याच तिकिटावर प्रवास केला.

माझ्याकडे असे एक जुने पुठ्ठ्याचे तिकीट जपून ठेवलेले आहे. सव्वादोन इंच लांब, जेमतेम सव्वा इंच रुंद, आणि बोटांच्या चिमटीत धरले तरी वाकणार नाही इतके ताठ. कडा घासून मऊ झाल्या आहेत, आणि पुठ्ठ्याचे पदर एका कोपऱ्यात किंचित सुटले आहेत. तारखेची शाई फिकी पडली आहे, पण यंत्राने दाबलेले अंक बोट फिरवले की अजून हाताला लागतात. एका बाजूला तपासनिसाच्या चिमट्याने काढलेली खाच आहे, आणि टोकाला अनुक्रमांक. तो अनुक्रमांक सगळ्यात साधा दिसतो आणि खरी करामत त्याच्यातच आहे.

तिकीटघरात प्रत्येक गंतव्य स्थानकासाठी आणि प्रत्येक वर्गासाठी लाकडी फडताळात वेगळा कप्पा असे आणि त्या कप्प्यात तिकिटे क्रमाने रचलेली असत. प्रवाशाने गावाचे नाव सांगितले की मास्तरांनी त्या कप्प्यातले पुढचे तिकीट ओढायचे, यंत्राच्या फटीत दाबायचे, खटकन आवाज झाला की तारीख उमटायची आणि तिकीट खिडकीबाहेर सरकवायचे. दिवस संपल्यावर सकाळचा पहिला अनुक्रमांक आणि संध्याकाळी कप्प्यात उरलेला पहिला अनुक्रमांक यांची वजाबाकी केली, तिला भाड्याने गुणले, आणि सगळ्या कप्प्यांची बेरीज घेतली की पेटीत किती रक्कम असायला हवी ते अचूक कळत असे. एक तिकीट जरी कमी-जास्त झाले तरी ते लपणे अवघड होते. १८३९ मध्ये मँचेस्टर अँड लीड्स रेल्वेने एडमंडसनला आपल्याकडे बोलावून घेतले. त्याने आपल्या शोधाचे हक्क घेतले आणि वापरणाऱ्या कंपन्यांकडून मार्गाच्या प्रत्येक मैलामागे वर्षाला दहा शिलिंग असा दर लावला. म्हणजे तीस मैलांच्या कंपनीला वर्षाचे पंधरा पौंड पडत, आणि एवढ्या पैशांत तिला प्रत्येक स्थानकाचा पैन् पैचा हिशोब मिळे. १८४२ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या मार्गांवरून होणाऱ्या प्रवासाचे भाडे त्यांच्यात वाटून देण्यासाठी रेल्वे क्लिअरिंग हाऊस ही संस्था निघाली, तेव्हा तर अशा पक्क्या हिशोबाची सर्वांनाच गरज भासू लागली.

एडमंडसनविषयी मला मनापासून आदर आहे आणि पुढे जे झाले त्याचा दोष मी त्याच्यावर ठेवत नाही. पण त्याच्या पद्धतीत एक गोष्ट दडलेली होती, जी त्या काळात कुणाला महत्त्वाची वाटण्याचे कारण नव्हते. तिकीट जिथे विकले जाते, पैसे त्या स्थानकाच्या नावावर जमा होतात. प्रवासी जिथे उतरतो, त्या स्थानकाच्या नावावर काहीच जमा होत नाही. दूरच्या शहरात शिकणारी मुलगी सुट्टीला गावी येते ती शहरात काढलेल्या तिकिटावर, आणि परतीचे तिकीटही तिने तिथेच घेतलेले असते. तिच्या येण्याचे आणि जाण्याचे सगळे उत्पन्न शहराच्या खात्यावर पडते. तिच्यासाठी दोन्ही वेळा गाडी थांबली ती मात्र गावाच्या फलाटावर, तिला उतरवून घेण्यासाठी दिवा लावून उभा राहिलेला माणूस गावाच्या स्थानकाचा, आणि त्याचा पगार गावाच्या स्थानकाच्या खर्चात. मोठे स्थानक देणारे आणि छोटे स्थानक खाणारे, असे चित्र त्यातून आपोआप तयार होते.

स्थानक आणि गाव यांचे नाते किती वेगवेगळ्या तऱ्हेने जुळत गेले, हे या हिशोबात कुठेच उमटत नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्कामध्ये बर्लिंग्टन रेल्वेने माळरानावर रूळ टाकत जाताना गावेच वसवली, आणि त्यांची नावे क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड अशी इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ठेवली. तिथे स्थानक आधी आणि गाव नंतर. याच्या अगदी उलट कथा इंग्लंडमधल्या स्लाउची आहे, आणि ती मला फार आवडते. स्लाउच्या जवळ ईटन ही प्रसिद्ध शाळा आहे. मुले गाडीत बसून लंडनला पळतील आणि शिस्त बिघडेल या भीतीने शाळेने ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कायद्यातच असे कलम घालून घेतले की शाळेच्या तीन मैलांच्या आत स्थानक बांधता येणार नाही. १८३८ मध्ये मार्ग सुरू झाला तेव्हा कंपनीने स्लाउला स्थानक बांधले नाही. तिने तिथे फक्त गाडी थांबवायला सुरुवात केली आणि एका मद्यगृहातल्या खोल्या भाड्याने घेऊन तिकिटे विकली. शाळा न्यायालयात गेली आणि हरली, कारण बंदी स्थानक बांधण्याला होती, गाडी थांबण्याला नव्हती. त्याच वर्षी २८ जूनला राणी व्हिक्टोरियाचा राज्याभिषेक होता, आणि मुलांना तो सोहळा पाहायला नेण्यासाठी त्याच शाळेने स्लाउहून खास गाडी मागितली. १८४० मध्ये तिथे रीतसर स्थानक झाले, आणि १८४२ मध्ये राणीने आपला पहिला रेल्वे प्रवास तिथूनच केला. म्हणजे स्थानक म्हणून कायद्याला मान्य असलेली इमारत उभी राहण्याआधी दोन वर्षे ते स्थानक लोकांच्या वापरात होते. ‘स्थापना १८४०’ एवढीच नोंद केली तर या दोन वर्षांचा मागमूस राहत नाही.

आता मी १९६३ सालाकडे येतो. ब्रिटिश रेल्वे तेव्हा खरोखरच मोठ्या तोट्यात होती, रस्ते आणि मोटारी वाढल्या होत्या, आणि काहीतरी करणे भाग होते, हे मान्य करूनच पुढचे लिहितो. रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल २७ मार्च १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस होती. आधार होता तो वाहतुकीच्या पाहणीचा, आणि ती पाहणी २३ एप्रिल १९६१ रोजी संपणाऱ्या एका आठवड्याची होती. अहवालातले निष्कर्ष ऐकणाऱ्याला गप्प करणारे होते: देशातल्या निम्म्या स्थानकांतून प्रवासी उत्पन्नाचा जेमतेम २ टक्के भाग येतो, आणि फक्त ३४ स्थानकांतून २६ टक्के. असा आकडा समोर ठेवल्यावर सामान्य माणूस काय वाद घालणार?

पण वाद घालायला जागा होती, आणि त्या काळातही लोकांनी तो घातला. समुद्रकाठच्या गावांची स्थानके उन्हाळ्यात गर्दीने फुलून जात, पण एप्रिलमधल्या आठवड्यात ती ओस असणार. शिवाय उन्हाळ्यात येणारे प्रवासी तिकीट काढत ते आपापल्या शहरांत, त्यामुळे ज्या गावासाठी हा सगळा प्रवास होत होता, त्या गावाच्या स्थानकाचे उत्पन्न वर्षभर किरकोळच दिसणार. शाखामार्ग बंद झाले तरी प्रवासी आपल्या वाहनाने जवळच्या मोठ्या स्थानकापर्यंत येतील आणि पुढे रेल्वेनेच जातील, अशीही एक अपेक्षा होती. प्रत्यक्षात जो माणूस मोटारीत बसला, तो बहुधा मुक्कामापर्यंत मोटारीनेच गेला. झाडाच्या बारीक मुळांना फळे लागत नाहीत म्हणून ती तोडण्यासारखाच हा प्रकार होता, असे माझे स्पष्ट मत आहे. काही स्थानके आणि मार्ग लोकांच्या विरोधामुळे वाचले, हेही खरे. पण बहुतेक गेली.

त्यांतल्या एका स्थानकाची शेवटची रात्र मला इथे तपशिलात सांगायची आहे. स्कॉटलंडच्या सीमेजवळ न्यूकॅसलटन नावाचे छोटे गाव आहे. एडिंबराहून कार्लाइलला जाणाऱ्या ‘वेव्हर्ली’ मार्गावर १८६२ मध्ये त्याला स्थानक मिळाले होते. ५ जानेवारी १९६९ च्या रात्री या मार्गावरून लंडनकडे जाणारी शयनयानाची शेवटची गाडी निघाली. गाडी न्यूकॅसलटनला यायच्या वेळी गावकऱ्यांनी रस्त्याच्या फाटकाची दारे रुळांवर ओढून बंद केली आणि जानेवारीतल्या त्या थंडीत, मध्यरात्रीच्या सुमाराला, गाव रुळांवर येऊन उभे राहिले. पोलीस आले आणि त्यांनी गावच्या चर्चच्या धर्मोपदेशकांना अटक केली. गाडीत त्या भागाचे तरुण खासदार डेव्हिड स्टील प्रवास करत होते. ते खाली उतरले, गावकऱ्यांशी आणि पोलिसांशी बोलले, आणि धर्मोपदेशकांना सोडायचे व लोकांनी बाजूला व्हायचे असा तोडगा निघाल्यावर गाडी पुढे गेली. ती गाडी न्यूकॅसलटनच्या लोकांना लंडनला जाण्यासाठी हवी होती असे नाही. त्या रात्री रुळांवर उभ्या असलेल्यांपैकी कितीजणांनी त्या वर्षात तिकीट काढले होते, हे विचारणे मला गैर वाटते. आपल्या गावाचे नाव वेळापत्रकात आहे, म्हणजे बाहेरच्या कुणालाही आपल्यापर्यंत येता येईल, याची खात्री त्यांच्यापासून हिरावली जात होती. ही खात्री ज्या दिवशी एकही प्रवासी उतरत नाही त्या दिवशीही गावाला मिळत असते, आणि कुठल्याच कप्प्यातल्या अनुक्रमांकांच्या वजाबाकीत ती दिसत नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये त्या मार्गाचा एडिंबरा ते ट्वीडबँक हा सुमारे ३० मैलांचा भाग नव्याने बांधून पुन्हा सुरू झाला. मूळ प्रस्तावात स्टो या छोट्या गावाचे स्थानक धरलेलेच नव्हते. ग्रामस्थांनी पाठपुरावा केला, आणि ते आराखड्यात घेतले गेले. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला ओकहॅम्प्टन या गावाची नियमित प्रवासी सेवा १९७२ मध्ये बंद झाली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे पुन्हा रोजच्या गाड्या धावू लागल्या. न्यूकॅसलटनपर्यंत मात्र रूळ अजून पोहोचलेले नाहीत.

छोट्या स्थानकांविषयी आपल्याला जिव्हाळा असतो, पण त्या जिव्हाळ्यापोटी आपण त्यांचा इतिहास बिघडवतोही, आणि हेही मला इथे लिहिणे आवश्यक वाटते. २०१६ च्या जानेवारीत जपानमधल्या एका स्थानकाची गोष्ट सगळीकडे फिरत होती. एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने अख्खे स्थानक चालू ठेवले आहे आणि ती उत्तीर्ण झाली की ते बंद होणार आहे, अशी ती गोष्ट होती. मीही ती वाचून हेलावलो होतो. नंतर कळले की फिरणाऱ्या मजकुरात कामी-शिराताकी या स्थानकाचे नाव होते, आणि विद्यार्थिनी चढत होती ती क्यू-शिराताकी या दुसऱ्याच स्थानकावर. बंद झाली ती एकूण तीन स्थानके, २६ मार्च २०१६ रोजी, आणि जपानी रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्येच बदलते. शाळेचे वर्षही तिथे मार्चमध्येच संपते, त्यामुळे दोन्ही गोष्टी जुळून आल्या. खरी हकिकत मला कमी हृद्य वाटत नाही. होक्काइडोच्या बर्फाळ भागात लोकसंख्या घटत गेली, एकेका स्थानकाचे प्रवासी बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि तरीही शाळेच्या वेळेची गाडी तिथे थांबत राहिली. तेवढे नीट सांगितले असते तरी पुरे होते. चुकीचे स्थानक आणि चुकीचे कारण जगभर पसरले, आणि बाकीच्या दोन स्थानकांची तर कुणी दखलही घेतली नाही.

म्हणून ज्यांना आपल्या गावच्या स्थानकाचा इतिहास लिहायचा आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. इमारतीची आणि उद्घाटनाची माहिती जरूर द्या, ती कागदोपत्री मिळतेच. पण म्हाताऱ्या माणसांना विचारताना ‘तुम्ही इथून कुठे जात होता’ एवढेच विचारू नका. इथे कोण उतरत होते ते विचारा. कुठल्या गाडीने टपालाची थैली यायची, परगावचे शिक्षक कुठल्या गाडीने यायचे, नव्याने लग्न होऊन आलेली मुलगी पहिल्यांदा फलाटावर उतरली तेव्हा तिला काय दिसले, रात्रीच्या गाडीने कुणी येणार असेल तर दिवा घेऊन कोण थांबायचे. गाडी उशिरा आली तर वाट पाहणारे कुठे बसत होते, हेही विचारा. फलाटावरच्या बाकांचा आणि पाण्याच्या नळाचा खरा इतिहास त्या उत्तरात असतो. स्टेशन मास्तरांच्या घरच्या माणसांना शोधा, कारण वेळापत्रकावर चालणारे घर कसे असते ते त्यांनाच सांगता येते. जुनी वेळापत्रके कुणाकडे असतील तर त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. गाडी सकाळी शहराकडे आधी जात होती की शहराकडून आधी येत होती, एवढ्या एका गोष्टीवरून त्या गावातून माणसे कामाला बाहेर जात होती की बाहेरची माणसे कामाला गावात येत होती, याचा अंदाज बांधता येतो. ही माहिती सांगणारे आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि ती कुठल्याच कार्यालयाच्या दप्तरात नाही.

ब्रिटिश रेल्वेने पुठ्ठ्याची तिकिटे १९९० मध्ये बंद केली. एडमंडसनचे मिल्टन स्थानक आज ब्रॅम्प्टन या नावाने चालू आहे. न्यूकॅसल-कार्लाइल मार्गावरच्या गाड्या अजूनही तिथे थांबतात. तिकीट द्यायला तिथे आता माणूस नसतो. गावातला माणूस गाडी पकडायला आणि बाहेरचा माणूस गावात जायला तोच मैल-दीड मैल रस्ता अजूनही तुडवतो.